लखोट्यापासून पडद्यापर्यंत : शासकीय खरेदीच्या माहितीची संगणकीय जोडणी

शासकीय कार्यालयात एखादी वस्तू येते तेव्हा तिच्यामागे कागदांची एक लांब मालिका उभी असते. मागणीपत्र, प्रशासकीय मान्यता, निविदा सूचना, निविदाकारांचे देकार, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, भांडार नोंदवहीतील नोंद आणि शेवटी कोषागारात सादर होणारे देयक, असा तो प्रवास असतो. पूर्वी ही सारी मालिका लाल फितीने बांधलेल्या एका नस्तीत मावत असे, आणि ती नस्ती अभिलेख कक्षात गेली की तिच्यातील माहिती सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीशीच होत असे. आज यातील बहुतेक टप्पे संगणकावर पार पडतात. परंतु माहिती संगणकात असणे आणि ती नागरिकाच्या उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंना जोडणारा जो दुवा आहे, त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. जोडणी कशी केली आहे यावर निविदेची गुप्तता, रकमेची अचूकता आणि नागरिकाचा माहितीचा हक्क या तिन्ही बाबी अवलंबून असतात. म्हणूनच जोडणीचा आराखडा मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याला तिचे मूलतत्त्व ठाऊक असणे आवश्यक आहे.

नियमांची पार्श्वभूमी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये संगणकीय अभिलेखाला आणि अंकीय स्वाक्षरीला कायद्याची मान्यता मिळाली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. १५ एप्रिल २०१३ रोजी केंद्र शासनाच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खरेदीविषयक माहितीचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. महाराष्ट्र शासनाच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाद्वारे कार्यालयीन खरेदीच्या कार्यपद्धतीची नियमपुस्तिका लागू केली. केंद्र शासनाची ‘जेम’ ही ई-बाजारपेठ ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली आणि २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम १४९ द्वारे तिला स्थान मिळाले. याच नियमांतील नियम १५९ निविदांच्या ई-प्रसिद्धीविषयी आणि नियम १६० ई-निविदा पद्धतीविषयी आहे.

अशा रीतीने माहिती निर्माण होण्याची व ती प्रसिद्ध करण्याची, अशी दोन्ही अंगे नियमांनी बांधली गेली आहेत. मधला भाग मात्र तंत्राचा आहे.

कोष्टकांचे कोठार

खरेदीची माहिती ज्या ठिकाणी साठविलेली असते त्याला डेटाबेस म्हणतात. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये अशा साठ्याची मांडणी एकमेकांशी संबंध असलेल्या कोष्टकांच्या रूपात करण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा पुढे आणली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने रूढ झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले.

ही कोष्टके कार्यालयातील नोंदवह्यांसारखीच असतात. एका कोष्टकात निविदा, दुसऱ्यात निविदाकार, तिसऱ्यात देकार, चौथ्यात पुरवठा आदेश आणि पाचव्यात देयके नोंदली जातात. निविदा क्रमांक हा त्यांना बांधणारा धागा होय. पुरवठादाराचा पत्ता प्रत्येक आदेशावर पुन्हा लिहावा लागत नाही. तो एकाच ठिकाणी असतो आणि आदेशात केवळ त्याचा क्रमांक येतो. त्यामुळे पत्ता बदलला की एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते.

असा डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रणाली अनेक आहेत. त्यांपैकी ‘पोस्टग्रेस’ या प्रणालीचे काम १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सुरू झाले. १९९६ पासून ती ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या नावाने ओळखली जाते. ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून तिच्या वापरासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. या लेखातील उदाहरणे तिच्याच आधारे दिली आहेत.

ड्रायव्हर म्हणजे काय ?

आता असे समजू की, एका जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांसाठी होणाऱ्या खरेदीची माहिती नागरिकांना पाहता यावी, असे एक वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करावयाचे आहे. नागरिकाने तालुका व वर्ष निवडावे, आणि कोणती वस्तू, किती नग, कोणत्या दराने व कोणाकडून घेतली हे त्याच्या पडद्यावर दिसावे, एवढीच अपेक्षा आहे.

अ‍ॅप्लिकेशन एका भाषेत लिहिलेले असते, उदाहरणार्थ जावा. डेटाबेसची बोलण्याची रीत मात्र अगदी वेगळी असते. कोणत्या क्रमाने कोणते संदेश पाठवावयाचे, उत्तर कोणत्या स्वरूपात यावयाचे, याचे तिचे स्वतःचे ठरलेले संकेत असतात. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी जी लहानशी आज्ञावली असते तिला डेटाबेस ड्रायव्हर म्हणतात.

पूर्वी प्रत्येक डेटाबेससाठी अ‍ॅप्लिकेशनचा मोठा भाग नव्याने लिहावा लागे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ओडीबीसी’ ही सामाईक पद्धत आणली. १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषेबरोबर ‘जेडीबीसी’ दिली. या पद्धतींमुळे अ‍ॅप्लिकेशनने कसे विचारावयाचे ते एकदा ठरून गेले. डेटाबेस बदलला तर प्रामुख्याने दुभाषा बदलावा लागतो. मूळ आज्ञावलीत अल्प फेरफार पुरतात. शासकीय कामकाजात याचे महत्त्व विशेष आहे, कारण त्यामुळे एखाद्या कार्यालयाला कायमचे एकाच कंपनीच्या प्रणालीशी बांधून घ्यावे लागत नाही.

अभिलेख कक्षाची उपमा येथे उपयोगी पडते. बाहेरचा माणूस कक्षात शिरून स्वतः नस्त्या चाळत नाही. तो खिडकीवर चिठ्ठी देतो. अभिलेखपाल ती वाचतो, तिच्यावर योग्य स्वाक्षरी आहे काय ते पाहतो आणि मागितलेला कागद आणून देतो. चिठ्ठी नेमक्या नमुन्यात लिहून देणारा व आलेला कागद वाचून दाखविणारा जो मदतनीस खिडकीपाशी उभा असतो, तोच ड्रायव्हर होय. कागद द्यावा की न द्यावा, हा निर्णय मात्र त्याचा नसतो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

जोडणीचे टप्पे

जोडणीचे काम पाच टप्प्यांत होते.

पहिला टप्पा पत्त्याचा. ज्या संगणकावर डेटाबेस आहे त्याचे नाव, त्यावरील दार म्हणजे पोर्ट, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द, एवढी माहिती ड्रायव्हरला द्यावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलचे नेहमीचे पोर्ट ५४३२ हे आहे.

दुसरा टप्पा ओळखीचा. ड्रायव्हर डेटाबेसशी संपर्क साधतो आणि दोन्ही बाजू ओळख पटवतात. या टप्प्यावर संपर्क सांकेतिक लिपीत व्हावा, तसेच समोरचा संगणक खरोखर आपलाच आहे याची खात्री व्हावी. पोस्टग्रेएसक्यूएलच्या जोडणीत यासाठी ‘व्हेरिफाय-फुल’ हा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्यास संदेश सांकेतिक झाले तरी समोरच्याची ओळख पटविली जाईलच असे नाही.

तिसरा टप्पा प्रश्नाचा. अ‍ॅप्लिकेशन प्रश्नाचा साचा देते आणि साच्यातील रिकाम्या जागांसाठी मूल्ये वेगळी देते.

चौथा टप्पा उत्तराचा. डेटाबेस ओळीमागून ओळ पाठवितो आणि ड्रायव्हर प्रत्येक रकाना अ‍ॅप्लिकेशनच्या भाषेतील योग्य प्रकारात बदलून देतो.

पाचवा टप्पा निरोपाचा. काम संपताच जोडणी परत करावयाची असते. हा टप्पा क्षुल्लक वाटतो. परंतु अनेक अ‍ॅप्लिकेशन याच ठिकाणी अडतात.

चिठ्ठीत दडलेला धोका

तिसऱ्या टप्प्यावर होणारी एक चूक फार जुनी आणि फार महागडी आहे. नागरिकाने तालुक्याच्या रकान्यात जे लिहिले ते प्रश्नाच्या वाक्यात जसेच्या तसे चिकटविणे, ही ती चूक होय. एखाद्याने तालुक्याच्या नावापुढे अवतरणचिन्ह देऊन ‘किंवा एक बरोबर एक’ या अर्थाची अट लिहिली, तर ती अट नेहमीच खरी असल्याने डेटाबेस एका तालुक्याऐवजी संपूर्ण कोष्टक बाहेर देतो. अधिक हुशार मनुष्य याच वाटेने दुसऱ्या कोष्टकातील माहितीही काढू शकतो. या प्रकाराला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. त्याची जाहीर चर्चा १९९८ मध्येच झाली होती.

यावरचा उपाय ड्रायव्हरमध्येच उपलब्ध आहे. प्रश्नाचा साचा आधी पाठवावा आणि मूल्य स्वतंत्रपणे पाठवावे. मग नागरिकाने काहीही लिहिले तरी डेटाबेस त्याला केवळ एक मूल्य समजतो. आज्ञा समजत नाही. मंजूर नमुन्यातील रिकाम्या जागेत काहीही लिहिले तरी नमुन्याचा मजकूर बदलत नाही, तसेच हे आहे. मात्र रिकामी जागा केवळ मूल्यासाठी असते. कोणत्या कोष्टकातून वाचावे किंवा कोणत्या रकान्यानुसार क्रम लावावा, हे अशा जागेतून सांगता येत नाही. तेथे आधी ठरविलेल्या यादीतूनच निवड करू द्यावी.

रुपये, शून्य आणि वेळ

चौथ्या टप्प्यावर, म्हणजे उत्तर वाचताना होणाऱ्या चुका अधिक फसव्या असतात. कारण त्यांत पडदा बंद पडत नाही, आकडा दिसतो, आणि तो चुकीचा असतो.

संगणकात दशांश संख्या साठविण्याच्या दोन रीती आहेत. एक अंदाजी आणि दुसरी नेमकी. ‘फ्लोट’ या नावाच्या ३२ बिटांच्या अंदाजी प्रकारात १,६७,७७,२१६ पर्यंतच्या सर्व पूर्ण संख्या अचूक राहतात. त्यापुढची १,६७,७७,२१७ ही संख्या त्यात मावतच नाही. ती १,६७,७७,२१६ अशी साठविली जाते. पन्नास लाखांच्या आसपासच्या रकमेत तर या प्रकाराची एक पायरी पन्नास पैशांची असते; म्हणजे पंचवीस पैशांची नोंद तेथे टिकत नाही. दोन निविदाकारांच्या देकारांत काही पैशांचाच फरक असेल, तर पहिला क्रमांक कोणाचा, हा प्रश्न अशा ठिकाणी चुकीचा सुटू शकतो. लहान पुरवठादाराला त्याचे कारण कधीच कळणार नाही.

अल्प चुका साचून मोठ्या कशा होतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण कॅनडातील आहे. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यावर सुरू झाला. प्रत्येक गणनेत तिसऱ्या दशांशस्थळानंतरचे अंक योग्य रीतीने पूर्णांकित न करता केवळ कापून टाकले जात होते. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारे ५२४ पर्यंत घसरलेला दिसला. दुरुस्ती केल्यावर तो सुमारे १०९८ निघाला. बाजार पडलेला नव्हता. गणित पडले होते.

म्हणून रकमेसाठी ‘न्यूमेरिक’ हा नेमका प्रकारच वापरला पाहिजे. एकूण १५ अंक व त्यांतील २ दशांशस्थळे असा रकाना ठेवला, तर १० लाख कोटी रुपयांच्या आतील प्रत्येक रक्कम पैशापर्यंत अचूक राहते. जेडीबीसी ड्रायव्हर ती ‘बिगडेसिमल’ या नेमक्या प्रकारात देतो. अ‍ॅप्लिकेशनने तिचे मध्येच अंदाजी प्रकारात रूपांतर केले नाही, म्हणजे झाले.

दुसरी फसवी बाब शून्याची. देयक मंजूर व्हावयाचे असेल तेव्हा डेटाबेसमध्ये रक्कम ‘नल’, म्हणजे नोंदलेली नाही, अशी असते. जेडीबीसीमध्ये हा रकाना साधा पूर्णांक म्हणून मागितला तर उत्तर शून्य येते. मूळ रकाना रिकामा होता काय, हे वेगळे विचारावे लागते. न विचारल्यास ‘देयक मंजूर झालेले नाही’ याऐवजी ‘शून्य रुपये दिले’ असे पडद्यावर दिसेल. या दोन विधानांतील अंतर लेखापरीक्षकाला सांगावयास नको.

तिसरी बाब वेळेची. पोस्टग्रेएसक्यूएल वेळ-विभागासह नोंदलेली वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत साठविते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. निविदा सादर करण्याची अंतिम वेळ सायंकाळी ५ असेल, तर साठ्यात ती सकाळी ११-३० अशी असते. जोडणी करताना वेळ-विभाग सांगितला नाही तर नागरिकाला ११-३० दिसेल. उलट, साडेपाच तास दोनदा मिळविले गेले तर रात्री १०-३० दिसेल. पहिल्या चुकीमुळे एखादा पुरवठादार मुदत संपली असे समजून माघार घेईल आणि दुसऱ्या चुकीमुळे दुसरा मुदतीनंतर येईल. दोघांचेही नुकसान खरे असेल.

मराठी अक्षरांचा प्रश्न

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. देवनागरीला युनिकोड या सांकेतिक पद्धतीत १२८ जागांचा विभाग मिळालेला आहे. ‘यूटीएफ-८’ या प्रचलित रीतीने देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. ज्या प्रणालीत रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जाते, तेथे १०० बाइटच्या रकान्यात केवळ ३३ चिन्हे मावतात. काना, मात्रा, वेलांटी हीदेखील स्वतंत्र चिन्हेच असतात. वस्तूचे वर्णन मध्येच तुटलेले दिसते त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यापेक्षा सूक्ष्म अडचण शोधाची आहे. ‘कऱ्हाड’ या गावाचे नाव दोन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी टंकित करता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते भिन्न शब्द असतात. शिवाय हेच नाव ‘कराड’ असेही लिहिले जाते. एका लिपिकाने एका रीतीने नोंद केली आणि नागरिकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. वास्तविक माहिती तेथेच असते. म्हणून नावे साठविताना व शोधताना एकाच प्रमाणरूपात आणावीत आणि तालुका, गाव व रुग्णालय यांसाठी नावाऐवजी ठरावीक सांकेतांक वापरावेत. ड्रायव्हर अक्षरे प्रामाणिकपणे वाहून नेतो. ती एकसारखी करण्याचे काम मात्र माणसांनी करावयाचे असते.

कोणाला, केव्हा, काय दिसावे ?

निविदा पद्धतीचा आत्मा एका वाक्यात सांगता येईल. लखोटा उघडेपर्यंत संपूर्ण गुप्तता आणि उघडल्यानंतर संपूर्ण खुलेपणा. नागरिकांसाठी असलेले अ‍ॅप्लिकेशन याच सीमारेषेवर उभे असते. म्हणून त्याची जोडणी कोणत्या अधिकाराने करावयाची, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय.

सोयीसाठी पुष्कळदा डेटाबेस व्यवस्थापकाच्याच नावाने जोडणी केली जाते. अभिलेख कक्षाच्या सर्व किल्ल्या खिडकीवरच्या मदतनिसाच्या हाती देण्यासारखा हा प्रकार आहे. त्याऐवजी अ‍ॅप्लिकेशनसाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा आणि त्याला केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. तोही मूळ कोष्टकांवर न देता ‘व्ह्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तयार केलेल्या दृश्यावर द्यावा. दृश्य म्हणजे मूळ नोंदवहीतून निवडक रकाने घेऊन केलेला उतारा. ज्या निविदांचे लखोटे उघडले गेले आहेत त्यांच्याच ओळी त्यात याव्यात आणि पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक यांसारखे रकाने त्यातून वगळावेत. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानंतर तर ही दक्षता अधिकच अगत्याची ठरते.

असे केल्यास अ‍ॅप्लिकेशनमध्ये एखादी उणीव राहून गेली, तरी न उघडलेला देकार त्या वाटेने बाहेर जाणार नाही. कारण तो त्या वापरकर्त्याला दिसतच नाही. परवलीचा शब्द आज्ञावलीच्या मजकुरात लिहू नये. तो वेगळ्या, मर्यादित प्रवेशाच्या ठिकाणी ठेवावा आणि कर्मचारी बदलून गेल्यावर किल्ली बदलावी तसा बदलावा.

गर्दीची वेळ

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एका वेळी होऊ शकणाऱ्या जोडण्यांची मूळ मर्यादा १०० आहे. त्यांपैकी ३ व्यवस्थापकासाठी राखीव असतात. प्रत्येक नागरिकासाठी नवी जोडणी उघडली आणि ती परत केली नाही, तर ९७ जणांनंतर येणाऱ्याला दार बंद दिसेल. यासाठी ‘पूल’ पद्धती वापरतात. काही जोडण्या आधीच उघडून ठेवावयाच्या, आलेल्याला त्यांतील एक द्यावयाची आणि काम होताच परत घ्यावयाची. दवाखान्यातील मोजक्या खुर्च्यांवर शेकडो रुग्णांची क्रमाने सोय व्हावी, तसे हे आहे. एका प्रश्नाला किती वेळ द्यावयाचा याचीही मर्यादा ठरवून द्यावी, म्हणजे एखादा अवजड प्रश्न इतरांची खुर्ची अडवून बसणार नाही.

मोठे उत्तर एकदम मागविणे हाही गर्दी वाढविणारा प्रकार आहे. पोस्टग्रेएसक्यूएलचा जेडीबीसी ड्रायव्हर वेगळे न सांगितल्यास उत्तराच्या सर्व ओळी एकाच वेळी स्मृतीत आणतो. दहा वर्षांची सर्व देयके मागविली तर अ‍ॅप्लिकेशनच कोसळू शकते. ओळी टप्प्याटप्प्याने आणण्याची सूचना द्यावी आणि पडद्यावरही पानापानाने दाखवाव्यात.

शिवाय निविदेच्या शेवटच्या तासात मूळ डेटाबेसवर मोठा भार असतो. त्या वेळी नागरिकांचे प्रश्नही तेथेच गेले, तर देकार भरणाऱ्या पुरवठादाराचा खोळंबा होईल. २०१० पासून पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मूळ साठ्याची सतत अद्ययावत राहणारी प्रत ठेवण्याची सोय आहे. नागरिकांच्या अ‍ॅप्लिकेशनची जोडणी या प्रतीशी करावी. प्रत क्वचित काही क्षण मागे राहते. म्हणून ‘माहिती अमुक वेळेपर्यंतची’ असा उल्लेख पडद्यावर ठेवावा.

बाहेरच्यांसाठी वेगळी खिडकी

ड्रायव्हरची जोडणी ही घरातील माणसांसाठी असते. वृत्तपत्रे, विद्यापीठे, व्यापारी संघटना यांना माहिती हवी असेल तर त्यांना परवलीचा शब्द देणे योग्य नव्हे. त्यांच्यासाठी ‘एपीआय’ नावाची वेगळी खिडकी उघडतात. तेथे ठरावीक प्रश्नांना ठरावीक नमुन्यात उत्तरे मिळतात.

युक्रेनमधील ‘प्रोझोरो’ या खरेदी व्यवस्थेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०१६ पासून तेथील सार्वजनिक खरेदीसाठी बंधनकारक झाली. मध्यवर्ती डेटाबेस सार्वजनिक ठेवण्यात आला आणि खाजगी ई-बाजारपेठा एपीआयद्वारे त्याला जोडण्यात आल्या. कोणतीही बाजारपेठ निवडली तरी मागची माहिती एकच राहिली. २०१६ च्या अखेरीस ‘डोझोरो’ हे देखरेखीचे व्यासपीठ सुरू झाले आणि नागरिकांना विशिष्ट खरेदीवर आक्षेप नोंदविण्याची सोय झाली.

अशा माहितीला एकसारखे रूप असावे म्हणून २०१४ मध्ये ‘ओपन कॉन्ट्रॅक्टिंग डेटा स्टँडर्ड’ हा नमुना प्रसिद्ध झाला. नियोजन, निविदा, निवड, करार आणि अंमलबजावणी असे पाच टप्पे त्यात असून एका खरेदीला आरंभापासून शेवटपर्यंत एकच ओळख क्रमांक दिला जातो. कार्यालयातील नस्ती क्रमांकाचेच हे व्यापक रूप म्हणता येईल.

मान्यतेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

जोडणीच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याला आज्ञावली लिहिता आली पाहिजे असे नाही. काही प्रश्न मात्र त्याने अवश्य विचारावेत.

१. अ‍ॅप्लिकेशन कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने जोडले आहे आणि त्याला लिहिण्याचा अधिकार आहे काय ?
२. न उघडलेले देकार त्या वापरकर्त्याला दिसू शकतात काय ?
३. नागरिकाने लिहिलेला मजकूर मूल्य म्हणून स्वतंत्रपणे पाठविला जातो काय ?
४. रकमा नेमक्या प्रकारात आहेत काय आणि रिकामा रकाना शून्य दिसत नाही ना ?
५. अंतिम वेळ भारतीय प्रमाणवेळेत बरोबर दिसते, याची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे काय ?
६. मराठी नावांचा शोध दोन्ही टंकनरीतींनी लागतो काय ?
७. ड्रायव्हर व डेटाबेस यांच्या सुधारित आवृत्त्या वेळोवेळी बसविण्याची जबाबदारी कोणाची आहे ?

शेवटच्या प्रश्नाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. ड्रायव्हर ही एकदा बसवून विसरण्याची वस्तू नाही. त्यात उणिवा आढळतात, त्या दूर करणाऱ्या आवृत्त्या निघतात, आणि त्या न बसविल्यास जुनी वाट उघडीच राहते. इमारतीच्या वार्षिक देखभालीप्रमाणे तिचीही देखभाल ठरवून दिली पाहिजे.

समारोप

एखाद्या तालुक्यातील शेतमजूर आपल्या रुग्णालयात औषध का नाही असे विचारतो, तेव्हा त्याला आदेश दिला होता की नाही, पुरवठा झाला की नाही आणि पैसे दिले गेले की नाही, हे जाणून घ्यावयाचे असते. त्याला ड्रायव्हर, पोर्ट, पूल यांच्याशी काही कर्तव्य नाही. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर याच वाटेने येते. वाट नीट बांधली असेल तर त्याला खरे उत्तर मिळते, प्रामाणिक पुरवठादाराला न्याय मिळतो आणि नियमाने वागणाऱ्या कर्मचाऱ्यालाही आपले काम उजेडात असल्याचे समाधान लाभते. वाट कच्ची असेल तर अचूक नोंदीदेखील चुकीच्या दिसतात आणि शंका वाढतात. म्हणूनच सार्वजनिक पैशाच्या हिशेबात जेवढी दक्षता नोंदवही लिहिताना घ्यावयाची, तेवढीच ती लोकांना वाचावयास देतानाही घेतली पाहिजे.